काकतीचा के-१०००

या कॅमेऱ्याला स्वतःचं म्हणून काही मत नाही, आणि त्याच्या स्वभावातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते. उजेड किती आहे ते तो सांगेल. पण चित्र उजळ हवं की गडद, पळती बैलजोडी जागच्या जागी थिजलेली हवी की तिच्या पायांतला वेग दिसायला हवा, माणसाच्या मागची दीपमाळ स्पष्ट हवी की पुसट, यातलं काहीही तो परस्पर ठरवणार नाही. ठरवायचं ते तुम्ही, आणि तेही बटण दाबायच्या आधी.

नाव पेंटॅक्स के-१०००. जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीने तो १९७६ साली बाजारात आणला आणि १९९७ पर्यंत तो निघत राहिला. या काळात कॅमेऱ्यांच्या दुनियेत केवढी उलथापालथ झाली. रोल आपोआप पुढे सरकायला लागला, फोकस आपोआप व्हायला लागला, उजेडाचा हिशेब कॅमेरा स्वतःच करायला लागला. हा मात्र होता तसाच राहिला. बनवायची जागा तेवढी बदलत गेली, आधी जपान, मग हाँगकाँग, शेवटी चीन. आमचा हाँगकाँगचा. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माझ्या काकांच्या एका गोव्याच्या मित्राने, बोटीवर नोकरी करणाऱ्याने, तो आणून दिला. परदेशी कॅमेरा सरळ दुकानात जाऊन घ्यावा असे ते दिवस नव्हते. आयातीवर निर्बंध होते, आणि ज्याला असा कॅमेरा हवा असे तो आधी बोटीवरचा नाहीतर आखातातला कोणी ओळखीचा निघतो का, ते शोधत फिरे.

तेव्हापासून मुक्काम काकती. बेळगाव सोडून निपाणीच्या वाटेला लागलं की महामार्गालगत हे गाव लागतं. कारखाने आहेत, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातली भाताची, उसाची, भाजीपाल्याची शेती आहे, आणि या सगळ्याच्या मधून रात्रंदिवस पुणे–बंगळूर वाहतूक चालू असते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे जन्मगाव. १७७८ साली त्या इथे जन्मल्या, १८२४ मध्ये इंग्रजांशी लढल्या आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला तो १९ ऑगस्ट १८३९ रोजी. दहा वर्षांनी आमचा एक चेहरा हुकला. घोड्यावर बसलेल्या, तलवार उगारलेल्या राणीचे पुतळे ठिकठिकाणी आहेत, पण त्या प्रत्यक्षात कशा दिसत होत्या हे आम्हा काकतीकरांनाही ठाऊक नाही. काकांना याची फार चुटपूट होती. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईचा एक तरी नीट फोटो असला पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे, आणि मला वाटतं त्याचं मूळ या चुटपुटीत होतं.

काकांचा आधीचा कॅमेरा आग्फा क्लिक-३. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तो तयार व्हायचा आणि एके काळी मध्यमवर्गीय घरांत तोच दिसायचा. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी, त्यामुळे जवळून फोटो काढताना खिडकीतून पूर्ण दिसलेलं डोकं कागदावर थोडं कापून यायचं. के-१०००त हा दुजाभाव नाही. एकाच लेन्समधून बघायचं आणि त्याच लेन्समधून घ्यायचं, म्हणून त्याला सिंगल लेन्स रिफ्लेक्स म्हणतात. लेन्समधून आलेला उजेड तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वरच्या दुधी काचेवर चित्र उमटतं, आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर जो उंचवटा दिसतो त्याच्या पोटातल्या पंचकोनी लोलकातून फिरून, डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे होऊन, डोळ्याशी येतं. जे दिसतं तेच येणार, एवढा शब्द हा कॅमेरा देतो.

खिडकीच्या मधोमध एक लहान गोल आहे. फोकस नीट नसेल तोवर त्या गोलातल्या काचेचे बारीक कण थरथरत राहतात. लेन्सचं कडं हळूहळू फिरवत आणलं की एका जागी ती थरथर थांबते आणि गोल चित्रात विरघळून जातो. काका लोकांच्या डोळ्यांवर फोकस करत. डोळ्यांतही, कॅमेऱ्याला जवळचा असेल त्या डोळ्यावर. “नाक बघू नको, डोळा बघ की,” असं ते मला सांगत. आजही कुणाचा फोटो काढताना माझी नजर आधी पापण्यांच्या केसांवर जाते.

अंगाने तो धातूचा आहे, वर चंदेरी आणि मध्ये काळं, खरखरीत आवरण. लेन्स लावलेला कॅमेरा पाऊण किलोच्या आसपास भरतो. लग्नाच्या दिवशी सकाळी हळदीपासून रात्री वरातीपर्यंत तो गळ्यात असला की मानेवर पट्ट्याचा लाल वळ उठतो. पण या वजनाचा उपयोग आहे. बटण दाबताना हात हलला तर फोटो हलतो, आणि हलका कॅमेरा हातात जास्त हलतो. ३० च्या स्पीडवर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाला, भिंतीला खांदा टेकवून, अर्धा श्वास सोडून काकांनी देवघरातल्या समईच्या उजेडात काढलेले फोटो आहेत, आणि त्यांत वातीची कड स्पष्ट आहे.

रोल भरणं हे खरं परीक्षेचं काम. डाव्या बाजूची रिवाइंडची मूठ वर ओढली की मागचं झाकण सुटतं. डबी डावीकडच्या खोबणीत बसवायची, मूठ खाली दाबायची, रोलची जीभ ओढून उजवीकडच्या चक्रीच्या फटीत खोचायची. लीव्हर एकदा ओढून पाहायचा आणि रोलच्या दोन्ही कडांची भोकं दातेरी चक्रावर बसली की नाही याची खात्री करायची. दोन्ही कडांची. मग झाकण बंद करून दोन फोटो कोरे सोडायचे, आणि ते सोडताना डोळा त्या डाव्या मुठीवर ठेवायचा. लीव्हर ओढल्यावर मूठ उलटी फिरली तर रोल सरकतो आहे. फिरली नाही तर आकडे पुढे जातील, आवाजही येईल, आणि रोल मात्र जिथल्या तिथे असेल. आमच्या पट्ट्यातल्या एका फोटोवाल्यावर हा प्रसंग खरोखर आला होता. अख्खं लग्न पार पडलं आणि रोल एक इंचही सरकला नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीला पुन्हा मुंडावळ्या बांधायला लावल्या, मामाला पुन्हा मागे उभं केलं आणि हार घालायला लावले. नवरीच्या मैत्रिणी तोवर गावाला परतल्या होत्या. त्या अल्बममध्ये मंडप रिकामा दिसतो.

रोलवरच्या या भोकांचा एक धागा आपल्या घरचा आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, त्याबरोबर कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं. अंधाऱ्या खोलीत ती भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या आणि करत राहिल्या. के-१००० खातो ती हीच ३५ मिलिमीटरची पट्टी. सिनेमात ती उभी धावते आणि चार भोकांना एक चित्र येतं, या कॅमेऱ्यात आडवी सरकते आणि आठ भोकांना एक. म्हणून इथलं चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचं, सिनेमाच्या दुप्पट. मला हा हिशेब नेहमी सरस्वतीबाईंची आठवण करून देतो. त्या काळात, त्या अंधारात, एकही भोक वाकडं जाऊ न देता.

डबीवर ३६ लिहिलेलं असतं. जीभ बेताने खोचली आणि कोरे फोटो हात राखून सोडले तर सदतिसावा मिळतो. काकांच्या लेखी छत्तीस फोटो लग्नवाल्यांचे आणि सदतिसावा त्यांचा स्वतःचा. लग्न आटोपून घरी परतताना वाटेत ज्या घरी एखादी म्हातारी ओसरीवर बसलेली असे, तिथे ते थांबत. “आजी, इकडं बघा की जरा.” घर कानडी असलं तर, “अज्जी, स्वल्प नग्री.” थोडं हसा. पदर सावरणाऱ्या, हसणाऱ्या, न हसणाऱ्या, डोळ्यांवर हाताची सावली धरून ‘कोण रे तू’ म्हणून विचारणाऱ्या कितीतरी बायका त्या सदतिसाव्या जागेत बसल्या आहेत. काहींचा तो आयुष्यातला एकुलता एक फोटो. पुढे त्यांच्या तेराव्याला तोच मोठा करून भिंतीवर गेला. काकांनी त्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

आता सुई. खिडकीच्या उजव्या कडेला उजेड मोजणारी एक बारीक सुई आहे, वर अधिक, खाली उणे, मध्ये खाच. सगळ्या कॅमेऱ्यात वीज लागते ती एवढ्या सुईला, आणि त्यासाठी तळाला शर्टाच्या बटणाएवढा एक सेल. बाकी सगळं कमानींवर आणि दातेरी चाकांवर चालतं. सेल संपला तर सुई पडून राहते, कॅमेरा चालू राहतो. सुई बंद करायचा खटका मात्र त्याला दिलेला नाही. लेन्सवर झाकण लावायचं, आत अंधार झाला की सेल खर्च होत नाही. झाकण हरवलं की महिन्या-दोन महिन्यांत सेल गेलाच म्हणून समजा. काकांनी म्हणूनच झाकणाला भोक पाडून दोऱ्याने पट्ट्याला बांधून टाकलं होतं.

सुईला खाचेत आणायचे रस्ते दोन. वरच्या चकतीवर स्पीड, १ पासून १००० पर्यंत. लेन्सच्या कड्यावर अपर्चर, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. एक घर, म्हणजे एक स्टॉप, इकडे सरकलं की उजेड दुप्पट, तिकडे सरकलं की निम्मा. १२५ ला ८ जो उजेड देतो तोच २५० ला ५.६ देतो आणि ६० ला ११ देतो. सुई तिन्ही वेळा खाचेतच. पण चित्रं तीन वेगळी. ५.६ ला माणूस मागच्या गर्दीतून सुटून पुढे येतो. ११ ला माणूसही राहतो आणि मागचं देऊळही. यात कुठलं बरोबर हे सुईला विचारून उपयोग नाही, कारण तिचं काम तिथे संपलं.

आणि सुई फसतेही. जगात सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे, असं गृहीत धरूनच ती मोजते. पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या घातलेली वऱ्हाडी मंडळी ओळीने बसली की तिला वाटतं उजेड फार झाला, आणि ती वर जाते. तिचं ऐकून अपर्चर बंद केलं तर धोतरं करडी आणि चेहरे कोळशाचे. काळ्या रानात उभी म्हैस असली की उलटं, म्हैस धुरकट होऊन येते. काका पांढऱ्या मंडळींना दीड-दोन स्टॉप उघडत आणि म्हशीला एखादा बंद करत. पुढे पुढे तर त्यांना सुईची गरजच उरली नव्हती. १०० चा रोल आणि वैशाखाचं ऊन असलं की १२५ ला १६. झाडाच्या सावलीत ५.६. आषाढातल्या ढगाखाली कधी ८, कधी ५.६, पाऊस भरून आला तर ४. हा हिशेब ते भाजी निवडणाऱ्या काकूशी बोलता बोलता करत. मला वाटतं, हा कॅमेरा माणसाला उजेड वाचायला शिकवतो, आणि ही विद्या कॅमेरा हातात नसतानाही जवळ राहते.

बटण दाबल्यावर आत जे घडतं ते समजावून सांगायला काकांकडे अंतरपाट होता. फिल्मच्या पुढे काळ्या कापडाचे दोन पडदे असतात. बटण दाबलं की आधी आरसा वर उचलला जातो आणि खिडकीत काळोख होतो. मग पहिला पडदा सरकतो, उजेड आणि फिल्म समोरासमोर येतात. ठरलेला वेळ संपला की दुसरा पडदा मागून येऊन झाकतो. आरसा खाली. हे सगळं खट् म्हणेपर्यंत. अंतरपाट दूर होतो तेव्हा भटजी तो परत धरत नाहीत, एवढाच फरक. लग्नाच्या फोटोवाल्याला तर हे दोन्ही अंतरपाट एकाच वेळी सांभाळायचे असतात. शेवटचं ‘सावधान’ संपतं, ताशा वाजतो, अक्षता उधळल्या जातात आणि कापड खाली येतं. त्या क्षणी नवरीचा चेहरा जसा असतो तसा पुन्हा दिवसभर होत नाही.

आणि नेमका तो क्षण फोटोवाल्याला दिसत नाही. आरसा वर असताना खिडकी अंधारी असते. खिडकीतून अंतरपाट पडलेला तुम्ही स्वच्छ पाहिलात, तर तो फोटो गेला, तुमचं बोट उशिरा पडलं. तो दिसला नाही, मध्ये काळोख आला आणि पुढे थेट हार दिसले, तर फोटो मिळाला असण्याची आशा. १९५४ च्या आधीच्या बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांत हा आरसा वरच राही, रोल पुढे ओढेपर्यंत खिडकी आंधळी. तो लगेच खाली आणायची युक्ती याच असाही कंपनीने त्या वर्षी आपल्या कॅमेऱ्यात बसवली. आज हा शोध कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण हलत्या माणसांचे फोटो काढणाऱ्यांवर त्याचे मोठे उपकार आहेत.

फ्लॅश लावला की या पडद्यांची आणखी एक अट पुढे येते. ६० किंवा त्याहून कमी स्पीडलाच फिल्म पूर्ण उघडी असते. त्याच्या वर गेलं की पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो, म्हणजे फिल्मवरून नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅशचा झोत तर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. बाहेर उन्हात वरातीचा घोडा २५० वर काढायचा, मांडवात शिरायचं, फ्लॅश चढवायचा आणि चकती ६० वर आणायला विसरायचं, की नवरा उजळ आणि नवरी काळोखात. काका मांडवाच्या दारातच थांबून अंगठ्याने चकती चाचपत. आकड्यांवर नजर न टाकता, घरं मोजत.

त्याच्यात काय नाही हेही सांगायला हवं. के-१००० शक्य तितका स्वस्त ठेवायचा म्हणून कंपनीने त्याच्यातून बऱ्याच गोष्टी वगळल्या. त्यातली एक म्हणजे सेल्फ टायमर. बटण दाबून धावत जाऊन आपण गर्दीत उभं राहावं, ही सोय त्याला नाही. आमच्या घरच्या फोटोंवर याची खूण आहे. आजोबांची एकसष्टी, माझी मुंज, थोरल्या आत्याचं लग्न, घरभरणी, सगळीकडे सगळे आहेत आणि काका नाहीत. त्यांची चप्पल एकदा दिसते. काकूंनी शेवटी हट्टाने फोकस आणि सुई शिकून घेतली, आणि काका-आजी असा एक फोटो काढला. त्यात काका चिंतेत दिसतात. नजर लेन्सकडे नाही, काकूंच्या बोटाकडे आहे.

बेळगावचा पावसाळा या कॅमेऱ्याचा वैरी. जूनमध्ये सुरू होतो आणि भिंतींना ओल धरेपर्यंत थांबत नाही. कातड्याच्या पाकिटात ठेवलेल्या लेन्समध्ये मग बुरशी शिरते. आधी कोळ्याच्या जाळ्याचा एक बारीक तंतू, काच उजेडाकडे धरून तिरकी केली तरच दिसणारा. श्रावण संपेपर्यंत त्याला फांद्या फुटतात. वेळेवर पुसली नाही तर ती काचेवरचा लेप खाते आणि मग कितीही साफ केलं तरी डाग राहतो. काकांनी लाकडी कपाटाच्या खालच्या खणात झिरोचा बल्ब लावला होता आणि तो चार महिने पेटता असे. त्याशेजारी एका बरणीत सिलिका जेलचे निळे खडे. ओल शोषली की ते गुलाबी होतात. काकू रविवारी सकाळी भाकऱ्या झाल्यावर तापलेल्या तव्यावर ते पसरत आणि हळूहळू त्यांचा निळा परत येई. उलथणं फिरवत त्या म्हणत, “भाकरीपेक्षा याला जपाय लागतंय.” पण एकही पावसाळा त्यांनी हे काम चुकवलं नाही. आमची ५० मिलिमीटरची लेन्स आजही स्वच्छ आहे, त्यामागे ती तव्यावरची सकाळ आहे.

असा यांत्रिक कॅमेरा या भागात टिकला याचं मला नवल वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान थाटलं ते बेळगावातच, आणि कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर यांची सुरुवातही इथेच केली. पुढे १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण ओतकाम, लेथ, कातकाम यांचा नाद बेळगावात राहिला. इकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, आणि त्यावर चित्रपट काढले. उघडून पाहावं, कुठला दाता कुठे अडतो ते शोधावं, नसलेला भाग घासून बनवावा, ही वृत्ती इथल्या हातांत आहे. आमच्या कॅमेऱ्याचा लीव्हर एकदा अडकला तेव्हा कंपनीच्या माणसाची वाट पाहत कोणी बसलं नाही. बेळगावच्या एका घड्याळजींनी तळाची पट्टी काढली, भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि चिमट्याने एक केसाएवढी कमान परत आकड्यात अडकवली. मागच्या झाकणाच्या कडेचा फोम वितळून चिकट डांबर झाला आणि फोटोंवर लाल पट्टे यायला लागले, तेव्हा काकांनी तो खरवडून काढून तिथे काळी मखमल चिकटवली. उजेड पुन्हा आत आला नाही.

रोलचं मात्र असं घरच्या घरी जमत नाही. काकांच्या तरुणपणी कृष्णधवल रोल सहज मिळे. पूर्व जर्मनीचा ओर्वो असे, आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ असे. ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली होती आणि देशात फिल्म बनावी म्हणून उभी केली होती. आता ती बंद पडली आहे. बेळगावातल्या स्टुडिओंमध्ये रोल धुण्याची यंत्रं राहिली नाहीत. रोल मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो, आणि त्याची किंमत पाहून प्रत्येक फोटोआधी हात आखडतो. डिजिटल कॅमेऱ्याने लग्नाच्या फोटोवाल्याचं जगणं सोपं केलं हे मी मनापासून मानतो. रोल सरकला की नाही या धास्तीने जेवण न जाणारे काका मी पाहिले आहेत. पण जगात या जुन्या चालीच्या कॅमेऱ्यांची मागणी परत आली आहे, आणि पेंटॅक्सने २०२४ च्या जूनमध्ये हाताने लीव्हर ओढायचा नवा रोलचा कॅमेराही काढला. बातमी वाचून दाखवली तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, “लीव्हर धातूचा हाय काय?”

धुणं आम्ही घरीच करतो, कृष्णधवल तेवढं. डेव्हलपर वीस अंशांवर लागतो, आणि बेळगावच्या थंडीत टाकीतलं पाणी त्याच्या आसपासच असतं, ही आमच्या हवेची मेहेरबानी. काळ्या पिशवीत हात घालून रोल चक्रीवर चढवायचा, डबा बंद करायचा, मग उजेडात डेव्हलपर ओतून दर मिनिटाला डबा हळूच उलटा-सुलटा करायचा. नंतर हायपो, नंतर वाहतं पाणी. न्हाणीघराच्या दोरीला कपड्यांचे चिमटे लावून निगेटिव्ह वाळत घातले की घरातलं कोणी ना कोणी डोकं वर करून बघत उभं राहतं.

कॅमेरा सध्या पुतणीच्या हातात आहे. काकांचे हात कापतात, आणि त्यांनीच तो तिला दिला. तिचा पहिला रोल धुतला तेव्हा एक फोटो बघून ते बराच वेळ थांबले. आजी, म्हणजे माझी आई, मागच्या दारात बसून लसूण सोलते आहे, मागे अंगणात कडक ऊन. अशा वेळी सुई उन्हाचं मोजमाप करते आणि चेहरा काळा करून टाकते. या फोटोत अंगण पांढरं धुतलं गेलं आहे आणि आईच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती जागच्या जागी आहे.

“सुई कुठं होती?” काकांनी विचारलं.

“पार वर, आजोबा. दोन स्टॉप उघडलं मी.”

“कुणी सांगिटलं?”

“कुणी नाही. आजी दिसाय पाहिजे होती की.”

काकांनी निगेटिव्हवर नखाने हलकी खूण केली आणि हा मोठा करून आणायला सांगितला. आता तिला वंटमुरी घाटात रात्रीच्या ट्रकांचा फोटो काढायचा आहे. चकती बी वर ठेवून पडदा अर्धा-एक मिनिट उघडा धरायचा, म्हणजे दिव्यांच्या रेघा घाटाच्या वळणाने उतरतील. तिपाई आहे. बटणात आटे फिरवून बसवायची केबल मात्र कुठेतरी गहाळ झाली आहे, आणि बोटाने दाबून धरलं तर कॅमेरा हलणार. खडेबाजारात विचारून झालं, गणपत गल्लीत झालं. एका जुन्या स्टुडिओवाल्यांनी माळ्यावर बघतो म्हणून सांगितलं आहे. नाहीच मिळाली तर सायकलच्या ब्रेकच्या तारेची करू, असं काकांचं म्हणणं आहे, आणि आट्यांचं माप घ्यायला ते कालपासून कॅमेरा मागत आहेत.